ओझे वाहणाऱ्याच्या वाटेने

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा केवळ तोरणे बांधण्याचा व वाद्ये वाजविण्याचा दिवस नव्हे. जुन्या कराराच्या काळी पन्नासावे वर्ष उगवले म्हणजे रणशिंग फुंकले जाई. गरिबीपायी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत येई, व दास झालेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या घरी जाई. म्हणजे त्या लोकांचा महोत्सव हा मुख्यतः देणी फेडण्याचा काळ होता. तेव्हा आपल्या धर्मग्रामाची पन्नास वर्षे पुरी होत असता आपल्या माथ्यावर कोणाचे देणे राहिले आहे, हा प्रश्न आज अप्रस्तुत ठरू नये. देवाचे देणे तर आहेच, आणि ते कधीही फिटावयाचे नाही. परंतु आपल्या मृतांचेही देणे आहे. आणि त्यांतही जे शिपाई परमुलुखात पडले, ज्यांच्या कबरेवर घरच्या माणसाच्या हातची मेणबत्ती कधी लागली नाही, त्यांचे देणे विशेष आहे.

अशा पडलेल्या शिपायांच्या स्मरणार्थ धर्मग्रामाने एक पायी यात्रा काढावी, अशी सूचना महोत्सव समितीपुढे आली आहे. सूचनेचे बहुतेकांनी स्वागत केले. तथापि दोन शंकाही निघाल्या. पहिली शंका अशी की, मृताच्या आत्म्याला मिस्सेचा व प्रार्थनेचा लाभ होतो. आपण चार कोस चाललो काय किंवा घरी बसलो काय, त्यात त्या बिचाऱ्याचे काय? दुसरी शंका अशी की, शिपायाची यात्रा काढणे म्हणजे लढाईचाच गौरव करणे नव्हे काय, आणि शांतीच्या राजाच्या अनुयायांना ते शोभेल काय? या दोन्ही शंका प्रामाणिक मनातून आल्या आहेत, व त्यांना प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. ते आम्ही वादाने देऊ इच्छित नाही. एका मनुष्याच्या व त्याच्यासाठी चालणाऱ्या लोकांच्या हकिकतीने देऊ इच्छितो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या बरोबर मध्यभागी कॅन्सस नावाचा प्रांत आहे. डोंगर नाहीत, समुद्र नाही; दृष्टी पोहोचेल तिथवर गव्हाची शेते. त्यांतील एका लहानशा खेड्याचे नाव पिल्सन. बोहेमियातून आलेल्या चेक शेतकऱ्यांनी आपल्या मायदेशातील शहराचे नाव या वस्तीला दिले, व तिच्या मध्ये संत जॉन नेपोमुसीन यांच्या नावाने लाल विटांचे उंच शिखराचे मंदिर बांधले. या खेड्याजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी २० एप्रिल १९१६ रोजी, पवित्र आठवड्याच्या गुरुवारी, एमिल कपॉन यांचा जन्म झाला. त्याच मंदिरात त्यांचा स्नानसंस्कार झाला. ९ जून १९४० रोजी विचिटा शहरात त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि बिशपांनी त्यांना पुन्हा पिल्सनलाच, आपल्या लहानपणीच्या मंदिरात, मदतनीस धर्मगुरू म्हणून पाठविले.

दुसरे महायुद्ध चालू होते. फादर कपॉन १९४४ साली सैन्यात चॅप्लिन, म्हणजे पलटणीचे धर्मगुरू, झाले. येथे एक गोष्ट आपणांस मुद्दाम सांगावीशी वाटते. १९४५ च्या एप्रिलपासून १९४६ च्या मे महिन्यापर्यंत त्यांची नेमणूक ब्रह्मदेशात व आपल्या हिंदुस्थानात होती. शिपायांपर्यंत पोहोचण्यासाठी ते जीप गाडीने व विमानाने लांबलांबचा प्रवास करीत, व जाता जाता स्थानिक मिशनांनाही हातभार लावीत. तेव्हा हा धर्मगुरू आपणांस अगदीच परका नव्हे. आपल्या देशाच्या धुळीने त्याचेही बूट भरले होते.

युद्ध संपल्यावर ते घरी परतले, वॉशिंग्टन येथील कॅथॉलिक विद्यापीठात शिकून १९४८ साली एम. ए. झाले, आणि त्याच वर्षी पुन्हा सैन्यात गेले. २५ जून १९५० रोजी कोरियात युद्धाचा वणवा पेटला. जुलैमध्ये त्यांची पलटण, आठवी कॅव्हलरी रेजिमेंट, तेथे उतरली. रणांगणावर वेदी कोठून आणावी? फादर जीप गाडीच्या बॉनेटवर पांढरे वस्त्र अंथरून मिस्सा अर्पण करीत. जीप नादुरुस्त झाली तेव्हा सायकलवर बसून ते एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जात. एकदा शत्रूच्या गोळीने त्यांच्या तोंडातील पाईप उडविला. ऑगस्टमध्ये गोळीबारात पुढे जाऊन त्यांनी जखमींना सोडवून आणले, व त्याबद्दल त्यांना ब्राँझ स्टार पदक मिळाले. चॅप्लिन हा शस्त्र बाळगत नाही, हे येथे लक्षात असू द्यावे. जेथे प्रत्येकाच्या हाती बंदूक होती तेथे या मनुष्याच्या हाती पवित्र तेल व पाण्याची बाटली होती.

१ नोव्हेंबर १९५०, सर्व संतांचा सण. उत्तर कोरियातील उन्सान गावाजवळ चिनी सैन्याने मोठ्या संख्येने हल्ला चढविला व फादरांच्या तुकडीला चोहोकडून वेढा पडला. ज्यांना चालता येते त्यांनी निसटून जावे, असा हुकूम झाला. फादरांना चालता येत होते. आपण राहिलो तर शत्रूच्या हाती सापडणार, हेही त्यांना पक्के ठाऊक होते. तरी ते जखमींपाशी राहिले. दुसरा दिवस सर्व परलोकवासी भाविकांचा. त्या पहाटे हातघाईची लढाई चालू असता ते एका जखमीकडून दुसऱ्याकडे फिरत होते. जखमींमध्ये एक चिनी अधिकारीही पडला होता. फादरांनी त्याचे मन वळविले, व त्याच्या मध्यस्थीने उरलेल्या माणसांचे प्राण वाचतील अशी शरणागती घडवून आणली.

कैद होऊन निघाले असता त्यांनी पाहिले की, रस्त्याकडेच्या चरात घोटा मोडलेला एक अमेरिकन सार्जंट पडला आहे आणि एक चिनी शिपाई त्याच्या डोक्यावर बंदूक रोखून उभा आहे. फादर सरळ तेथे गेले, बंदूक हाताने बाजूला सारली, त्या जखमी मनुष्याला उचलले, आणि त्याला घेऊन चालू लागले. तो चिनी शिपाई थक्क होऊन पाहतच राहिला. त्याने गोळी झाडली नाही. त्या सार्जंटाचे नाव हर्बर्ट मिलर. ते जगले, वाचले, व साठांहून अधिक वर्षांनंतर आपल्याला उचलणाऱ्या धर्मगुरूचा सन्मान आपल्या डोळ्यांनी पाहावयास हजर राहिले.

बंधुभगिनींनो, आज ज्या यात्रेविषयी आपण बोलत आहोत तिचे मूळ येथे आहे. त्या नोव्हेंबरच्या थंडीत कैद्यांची रांग उत्तरेकडे हाकण्यात आली. रात्रीमागून रात्र चालावयाचे, पोटात जवळजवळ काही नाही, अंगावर पुरेसे कपडे नाहीत. जो मागे पडला त्याचे पुढे काय होते, हे प्रत्येकाला कळत होते. अशा वेळी मनुष्य स्वतःपुरता चालतो. दुसऱ्याचे ओझे म्हणजे आपले मरण, असा हिशेब त्याचे मन करते. फादर त्या रांगेत पुढेमागे फिरत, जखमींच्या झोळ्या वाहण्यासाठी दमलेल्यांची मनधरणी करीत, आणि सांगण्यापूर्वी स्वतः खांदा देत. मिलर यांना त्यांनी कधी पाठीवर घेतले, कधी खांद्याचा आधार देऊन लंगडत चालविले. कालवारीच्या वाटेवर किरेनेच्या शिमोनाला शिपायांनी बळजबरीने क्रूस उचलावयास लावले होते. या शिमोनाला कोणी बळजबरी केली नव्हती.

पुढे यालू नदीकाठच्या प्योकटोंग येथील छावणीत त्यांना ठेवण्यात आले. तेथील हिवाळ्यात उपासमारीने, हगवणीने व थंडीने शेकडो कैदी मेले. फादरांनी तेथे जे केले ते ऐकण्यास फार साधे आहे. पत्र्याचे तुकडे दगडाने ठोकून त्यांनी भांडी बनविली, व त्यांत बर्फ वितळवून, पाणी उकळून आजाऱ्यांना पाजले. ज्यांना उठवत नव्हते त्यांचे घाण झालेले कपडे त्यांनी धुतले, त्यांच्या अंगावरील उवा वेचल्या. रात्री ते कोठारांतून धान्य चोरून आणीत, आणि निघण्यापूर्वी संत दिस्मास यांची, म्हणजे प्रभूच्या उजवीकडे क्रुसावर टांगलेल्या त्या पश्चात्तापी चोराची, प्रार्थना करीत. मनाई असतानाही झोपडीझोपडीतून जाऊन ते जपमाळ चालवीत. त्या झोपड्यांत कॅथॉलिक होते, प्रॉटेस्टंट होते, ज्यू होते, आणि देव न मानणारेही होते. फादरांनी कोणाची पत्रिका विचारली नाही. २५ मार्च १९५१ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या पहाटे, त्यांनी उघडपणे सर्वांना एकत्र करून प्रार्थना चालविली.

तोवर त्यांचे शरीर खचले होते. पायात रक्ताची गुठळी झाली होती, हगवण व न्यूमोनिया यांनी ते ग्रासले होते. मे महिन्यात पहारेकऱ्यांनी त्यांना ‘इस्पितळात’ हलविण्याचा हुकूम केला. त्या जागेला कैदी मरणाचे घर म्हणत, कारण तेथून क्वचितच कोणी परत येई. सोबत्यांनी विरोध केला, पण चालले नाही. अखेर त्या सोबत्यांनीच त्यांना उचलून तेथवर नेले. ज्याने इतरांना वाहिले त्याला शेवटी इतरांनी वाहिले. जाताना त्यांनी आपल्या पहारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, असे त्या सोबत्यांनी पुढे सांगितले आहे. २३ मे १९५१ रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे पस्तीस. देह कोठे पुरला गेला, हे घरच्यांना कळले नाही.

१९५३ च्या उन्हाळ्यात युद्ध थांबले व कैद्यांची अदलाबदल सुरू झाली. सप्टेंबर महिन्यात प्योकटोंगचे कैदी सुटून आले, तेव्हा त्यांनी आपल्यासोबत एक लाकडी क्रूस आणला होता. जळाऊ लाकडातून तो कोरलेला होता, व प्रभूच्या मस्तकावर तारेचा काटेरी मुकुट होता. कोरणारा होता जेराल्ड फिंक नावाचा सैन्यातील वैमानिक, धर्माने ज्यू. फादरांच्या मरणानंतर तो त्या छावणीत आला होता. त्याने त्यांना कधी पाहिलेही नव्हते. केवळ सोबत्यांच्या तोंडून त्यांची हकिकत ऐकून त्याने महिनोनमहिने तो क्रूस घडविला. आज तो विचिटा येथील, फादरांचेच नाव धारण करणाऱ्या शाळेत आहे. आमच्या मते फादर कपॉन यांची पहिली स्मरणयात्रा ती हीच: कैदेतून सुटलेली हाडकुळी माणसे, आणि त्यांच्या खांद्यावर तो क्रूस.

याच कोरियात, याच काळात, आपल्या महाराष्ट्राच्या एका सुपुत्राने कैद्यांचेच काम केले, याचा उल्लेख येथे करणे उचित होईल. मायदेशी परत जावयास नकार देणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सुमारे २३,००० कैद्यांचा सांभाळ करण्यासाठी १९५३ साली भारताने आपले सैन्य धाडले. त्याचे सेनापती होते शंकरराव थोरात. त्यांना तेथे कोणाशीही लढावयाचे नव्हते. हाती सोपविलेल्या परक्या माणसांचे रक्षण करावयाचे होते. शिपाईपणाची ही बाजू आपण फार थोडी आठवतो. मारणे हे शिपायाच्या वाट्याला येते. परंतु राखणे हेही त्याचेच काम आहे, आणि फादर कपॉन यांच्या जीवनात तर केवळ तेवढेच होते. दुसऱ्या शंकेचे उत्तर आम्हांस येथे मिळते. कॅन्ससचे लोक त्यांच्यासाठी चालतात ते त्यांनी कोणाला जिंकले म्हणून नव्हे. त्यांनी कोणाकोणाला उचलले म्हणून.

आता त्या चालण्याविषयी. गेली दहाहून अधिक वर्षे दर उन्हाळ्यात, साधारणतः जून महिन्याच्या आरंभी, विचिटा शहरातून शेकडो माणसे पायी निघतात व पिल्सनला जातात. अंतर सुमारे ६० मैल, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटर. गुरुवारी निघावयाचे, रविवारी पोहोचावयाचे. गहू कापणीला आलेला असतो, ऊन कडक असते, सावली बेताची. म्हातारे असतात, शाळकरी मुले असतात, नोकरीतील व निवृत्त झालेले शिपाई असतात. वाटेत मिस्सा होते, जपमाळ म्हटली जाते, पापनिवेदन ऐकले जाते. रात्री मुक्काम पडतो, व फोड आलेले पाय एकमेकांना दाखवून लोक हसतात. अखेरच्या दिवशी सपाट शेतांच्या पलीकडे पिल्सनच्या मंदिराचे शिखर दिसू लागते, व बराच वेळ चालूनही ते जवळ येत नाही. ज्यांनी आपल्याकडे हरेगावच्या मतमाउलीची किंवा बांद्र्याच्या मोतमावलीची वाट पायी तुडविली आहे, किंवा जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनास चालत गेले आहेत, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावयास नको. पंढरीची वाट चालणाऱ्या हिंदु बंधूंनाही ती समजावून सांगावी लागणार नाही.

त्या यात्रेत आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट अशी. पहिली कित्येक वर्षे हे लोक चालले तेव्हा पिल्सनला फादरांची कबर नव्हती. विचिटालाही नव्हती. जगात ती कोठे आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. यात्रा नेहमी कबरेकडे, अवशेषांकडे, चमत्काराच्या मूर्तीकडे जाते. ही यात्रा जेथे पोहोचे तेथे एक साधे मंदिर व स्नानसंस्काराचे एक कुंड एवढेच होते. मृताचा देह नाही, म्हणून त्याचे स्मरण थांबले नाही. उलट, ज्याच्या कबरेवर फूल ठेवता येत नाही त्याच्यासाठी आपण दुसरे काय करू शकतो, या प्रश्नाचे उत्तर त्या लोकांनी पायांनी दिले.

आणि मग २०२१ सालचा मार्च महिना उजाडला. १९५४ साली उत्तर कोरियाकडून परत मिळालेले अनेक अनोळखी शिपायांचे अवशेष हवाई बेटांत होनोलुलूच्या राष्ट्रीय लष्करी दफनभूमीत निनावी पुरलेले होते. दातांच्या जुन्या नोंदी व डी.एन.ए. तपासणी यांवरून त्यांपैकी एक देह फादर एमिल कपॉन यांचा असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे सुमारे ६७ वर्षे ते आपल्याच लोकांच्या भूमीत, नाव नसलेल्या दगडाखाली निजले होते. त्यांचे आईवडील ही बातमी न ऐकताच देवाघरी गेले होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात देह कॅन्ससला आला. प्रथम पिल्सनला, व तेथून विचिटाला. २९ सप्टेंबर रोजी हजारो लोकांच्या उपस्थितीत मृतमिस्सा झाली, आणि घोडे जोडलेल्या गाडीवरून शवपेटी विचिटाच्या कॅथेड्रलमध्ये नेऊन तेथे तिचे दफन करण्यात आले.

आता पाहा, काय घडले ते. यात्रा विचिटाहून निघते व पिल्सनला पोहोचते. कबर मिळाली, परंतु ती यात्रेच्या शेवटाला नव्हे, आरंभाला मिळाली. आज जे चालतात ते कबरेचे शहर मागे टाकून स्नानकुंडाकडे चालतात. ही योजना कोणा माणसाने केली नाही. तथापि आमच्या श्रद्धेचा सगळा अर्थ तीत आहे. जग म्हणते, मनुष्य पाळण्याकडून कबरेकडे चालतो. पवित्र ख्रिस्तसभा म्हणते, कबर ही वाटेवरची जागा आहे. वाट पुढे जाते, आणि ती जेथे जाते तेथे जीवनाचे पाणी आहे. शिपायाच्या विधवेला, त्याच्या आईला, त्याच्या पोरक्या लेकरांना आपण तोंडाने हे सांगावयास गेलो तर शब्द अपुरे पडतात. त्यांच्या सोबतीने त्या वाटेवर चार पावले चाललो तर कदाचित पुरे पडतील.

पहिल्या शंकेकडे आता येऊ. मृताला मिस्सेचा लाभ होतो, हे शंभर टक्के खरे आहे. पायी यात्रा ही मिस्सेच्या जागी नव्हे. ती मिस्सेकडे जाणारी वाट आहे, आणि कॅन्ससची यात्राही पिल्सनच्या वेदीपाशीच संपते. परंतु अर्ध्या तासाच्या मिस्सेत मृताचे नाव वाचले जाते तेव्हा आपले मन कोठे कोठे भटकत असते, हे आपण सर्व जाणतो. तीन दिवस त्याच नावाने चाललेल्या मनुष्याचे मन, ते नाव वेदीवरून उच्चारले जाते तेव्हा, भटकत नाही. त्याचे पायच त्याला भटकू देत नाहीत. मृताला आपल्या फोडांची गरज नाही. आपल्या प्रार्थनेला मात्र आहे.

अर्थात केवळ चालण्यात पुण्य नाही. मिरवणूकही चालतेच. अमेरिकेच्याच न्यू मेक्सिको प्रांतात दुसरी एक प्रसिद्ध स्मरणचाल होते. १९४२ साली फिलिपाईन्समधील बातान येथे ज्या कैद्यांना जीव जाईपर्यंत चालविले गेले त्यांच्या स्मरणार्थ १९८९ पासून ही चाल सुरू झाली. तीत काही लोक पाठीवर निदान ३५ पौंडांचे ओझे घेऊन २६ मैल चालतात, आणि त्यांतील पुष्कळजण ते ओझे तांदूळ व कडधान्याचे घेतात, जेणेकरून चाल संपताच ते गरिबांना देता यावे. ही युक्ती आम्हांस फार आवडली. ज्या ओझ्याने चालणाऱ्याचे खांदे दुखले तेच ओझे संध्याकाळी कोणाच्या तरी चुलीवर शिजते. स्मरण म्हणजे असे असावे. मृतासाठी उचललेले ओझे अखेर एखाद्या जिवंताच्या दारी उतरावे.

येथे आणखी एक खुलासा करणे अवश्य आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकिर्दीत, १९९३ साली, फादर कपॉन यांना ‘ईश्वरसेवक’ ही पदवी मिळाली. ११ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांनी मेडल ऑफ ऑनर हे त्या देशाचे सर्वोच्च शौर्यपदक त्यांच्या पुतण्याच्या स्वाधीन केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी, त्यांनी परप्रीतीसाठी आपले जीवन अर्पण केले हे मान्य करून, त्यांना ‘आदरणीय’ म्हणून घोषित करण्यास संमती दिली. त्याच वेळी दुसऱ्या एका शिपायाचेही जीवनार्पण मान्य झाले: साल्वो द'आक्विस्तो, इटलीचा तरुण पोलिस-शिपाई. १९४३ साली जर्मनांनी ओलीस धरलेल्या २२ निरपराध माणसांना सोडविण्यासाठी त्याने दोष आपल्या अंगावर घेतला व तो गोळ्यांना सामोरा गेला. तेव्हा या दोघांस आपण अद्याप संत म्हणू नये, त्यांच्या नावाने वेदी उभारू नये. ख्रिस्तसभेच्या निर्णयाची वाट पाहावी. खाजगीरीत्या त्यांची मध्यस्थी मागण्यास मात्र कोणाची आडकाठी नाही.

आता आपल्या यात्रेविषयी चार शब्द बोलून आम्ही रजा घेतो. यात्रा काढावयाची तर ती कशी असावी, याविषयी आमची नम्र सूचना अशी.

सर्वांत मंद चालणारा मनुष्य सर्वांच्या पुढे असावा. कैद्यांच्या त्या रांगेत जो मागे पडला तो मेला. आपल्या रांगेत कोणी मागे पडूच नये. म्हातारी आजी, काठी टेकणारे बाबा, लंगडणारे पोर ज्या चालीने चालतील तीच आपली चाल. त्यामुळे दोन तासांच्या वाटेला पाच तास लागले तरी चालेल.

प्रत्येकाने एका शिपायाचे नाव घेऊन चालावे. ते नाव धर्मग्रामातील असेल, शेजारच्या गावचे असेल, दुसऱ्या धर्माचेही असेल. ज्या छावणीत ज्यू मनुष्याने आपल्या प्रभूचा क्रूस कोरला, त्या छावणीचे उदाहरण समोर ठेवून आपण नावांची निवडानिवड करू नये. आणि ज्यांना धैर्य होईल त्यांनी शत्रूच्या बाजूने पडलेल्यांसाठीही जपमाळेचे एक दशक म्हणावे. त्यांनाही आया होत्या.

हातात रिकामी पिशवी घेऊन कोणी येऊ नये. तांदूळ, डाळ, वह्या, जे झेपेल ते पाठीवर घ्यावे, आणि ज्या घरचा शिपाई परतला नाही त्या घरी, किंवा ज्या घरी कमावता हात उरला नाही त्या घरी, वाटेवरच ते उतरवावे. उंबऱ्यावर भाषण करू नये. पाणी मागून प्यावे, दोन घटका बसावे, गेलेल्याची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकावी. पुष्कळ घरांत ती गोष्ट ऐकावयास वर्षानुवर्षे कोणी आलेले नसते.

आणि शेवटी, यात्रा कबरस्तानात संपवू नये. कबरस्तानातून ती सुरू करावी व मंदिराच्या दारातील स्नानकुंडापाशी आणावी. तेथे प्रत्येकाने पाण्यात बोट बुडवून क्रुसाची खूण करावी, आपण आणलेले नाव मनात उच्चारावे, आणि मग सर्वांनी वेदीकडे जावे. मिस्सेचा आरंभ तेथून व्हावा.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा धर्मग्राम उभारला त्यांच्यापैकी बरेच आज आपल्यात नाहीत. त्यांनीही दगड, विटा व वाळू डोक्यावरून वाहिली. त्यांच्या ओझ्यावर आपण आज उभे आहोत. आपण उचललेल्या ओझ्यावर उद्या कोण उभे राहणार, हे देव जाणे. उन्सानच्या रस्त्यावर उचलल्या गेलेल्या त्या सार्जंटाला तरी कोठे ठाऊक होते, की त्या एका धर्मगुरूच्या नावाने पुढे शेकडो माणसे साठ मैल चालतील, आणि त्यांची हकिकत हिंदुस्थानातल्या एका धर्मग्रामाच्या सभेत सांगितली जाईल?

परमगुरुस्वामींपासून लहान लेकरापर्यंत आपण सर्व एकाच वाटेवर आहोत. ती वाट एकट्याने चालण्याची नव्हे. देशोदेशी पडलेल्या सर्व शिपायांना, त्यांना पुरणाऱ्यांना, आणि त्यांच्यासाठी अजून दाराकडे डोळे लावून बसलेल्यांना, दयाळू परमेश्वर आपल्या शांतीत घेवो, आणि या महोत्सवी वर्षी आपल्या खांद्यांना दुसऱ्याचे ओझे उचलण्याचे बळ देवो.

आमेन.